टाळूवरचा खळगा

नांदूरघाटात उतरून सिद्धलिंगअप्पा शेटे कुठं राहतात असं विचाराल, तर चारचौघं तुमच्या तोंडाकडं बघत बसतील. मेजर म्हणा, की कुणीही दुकानापर्यंत आणून सोडेल. वास्तविक माणूस पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. पण पंच्याण्णव साली तो पेटी-वळकटी घेऊन गावात उतरला आणि गावानं आठवड्याच्या आत त्याला बढती देऊन टाकली. गावाचं काय जातंय? पगार थोडाच द्यायचा होता!

मेजर दिसायलाही तसाच होता. मान आणि डोकं यांच्यात अंतर कमी, पाठ दारात मावेना, आणि कान तर कढईत फुललेल्या कुरडईसारखे. डावा खांदा मात्र कामातून गेलेला. तो हात छातीच्या वर जात नसे. नव्या माणसाला वाटायचं, लढाईत गोळी लागली असणार. मेजर सरळ सांगायचा, "लढाई कुठली? खेळात गेला." मग समोरचा जरा नाराजच व्हायचा.

पेठेत शेट्यांचं जुनं किराणा दुकान. ते धाकटा भाऊ सिद्धाराम बघायचा, आणि चांगलं बघायचा. त्या वर्षांत दुकानांचं रूपच पालटत होतं. पोत्यांची थप्पी मागं सरकली आणि पुढं शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. मेजरला या धंद्यात गती नव्हती. तो गिऱ्हाईकाला उधारी विचारायलाच लाजायचा. म्हणून माजी सैनिक म्हणून त्यानं एसटीडी बूथ मागून घेतला आणि दुकानाला लागून काचेची एक खोली उभी केली. दसरा झाला की अर्धा गाव ऊस तोडायला निघून जायचा, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. गावात उरायची म्हातारीकोतारी. संध्याकाळी कारखान्यावरून फोन यायचा, "मेजर, आमच्या आईला बलवा की." मेजर म्हणायचा, "धा मिनिटानं परत लाव," आणि खरोखर पळत सुटायचा. गल्लीबोळातून, शेळ्यांना चुकवत, एक हात अंगाशी धरून. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आणायचा, रिसीव्हर कानाला लावून द्यायचा आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, एवढी समज त्याला होती.

गावच्या म्हाताऱ्या त्याला आशीर्वाद देत घरी जायच्या. आणि त्याची स्वतःची आई त्याच्या हातचं घोटभर पाणी घेत नव्हती.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. शिवम्मा सत्तरीला आलेली, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं कमी. मेजरनं तांब्या पुढं केला की ती म्हणायची, "खाली ठेव." त्यानं खाली ठेवला की तो तसाच राहायचा. मग थोड्या वेळानं त्याची बायको मंगल दुसरा तांब्या आणून द्यायची. तो ती प्यायची. एका वर्षी कार्तिकात मेजर मुद्दाम कपिलधारला जाऊन धबधब्याचं पाणी घेऊन आला. देवाचं पाणी, याला तरी नाही म्हणणार नाही, अशी त्याची अटकळ. शिवम्मानं त्याला ते बेलाच्या रोपाला घालायला सांगितलं. रागावून नाही, अगदी शांतपणे. तेच जास्त लागलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती सिद्धारामच्या डोक्याला तेल लावायची, आणि मेजरची पाळी आली की म्हणायची, माझा हात भरून आलाय. मंगल वाटी घेऊन पुढं व्हायची, तर हा पठ्ठ्या म्हणायचा, "राहू दे. लावलं तर आईनं, न्हाईतर कोरडीच आंघोळ." दोघं मायलेक एकाच खाणीतले दगड, दुसरं काय!

मेजर आपल्या परीनं कारण शोधत होता. न विचारता पलटणीत भरती झालो म्हणून? बाप वारला तेव्हा रजा उशिरा मिळाली म्हणून? आईला विचारण्याची त्याची छाती नव्हती. समोरून आठ दांडगे अंगावर चालून आले तरी न हटलेला माणूस, पण आईपुढं तो तांब्या ठेवून मागं फिरायचा.

खरं कारण दुकानातल्या गल्ल्याच्या वर, काचेच्या चौकटीत, खुद्द मेजरनंच खिळा ठोकून टांगलं होतं.

पण त्याआधी हा खेळ कुठला, ते सांगायला हवं. मेजर रग्बी खेळायचा. एकोणीस वर्षांचा असताना तो पलटणीत भरती झाला. लहानपणापासून दुकानातली गुळाची आणि जवारीची पोती पाठीवर वाहिलेली, त्यामुळं खांदे तयारच होते. पुण्याला एका सुभेदारसाहेबांनी ते खांदे पाहिले आणि त्याच्या हातात एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू दिला. सिद्धलिंगनं तो उलटसुलट करून पाहिला आणि अदबीनं सांगितलं, "साहेब, हा नीट फुगवलेला न्हाई." ही गोष्ट पलटणीत पुढं कित्येक वर्षं सांगितली जायची.

हळूहळू त्याला खेळ उमगला. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांच्या कमरेला मिठ्या मारून वाकायचे, खांद्याला खांदा आणि डोक्याला डोकं भिडवून रेटायचे, आणि मधे टाकलेला चेंडू आपल्या बाजूला ओढायचा. सिद्धलिंगची जागा त्या घोळक्याच्या दुसऱ्या रांगेत, जिथं डोकं पुढच्या दोघांच्या मधे खुपसून जोर लावायचा असतो. कान तिथंच गेले. चेंडू हातात आला की पुढं पळायचं, पण सोबत्याला द्यायचा तर मागंच द्यायचा. पुढं फेकला की चूक. हे त्यानं गावात समजावून सांगितलं तेव्हा चावडीवरचे सुंदरराव म्हणाले होते, "पुढं पळायचं आन् माल मागं द्यायचा? असला कसला खेळ बे!" पण याच खेळापायी त्यानं मुंबई पाहिली, कलकत्ता पाहिलं, सैन्याच्या संघात बारा-तेरा वर्षं मानानं काढली. इतर जवान पहाऱ्यावर असायचे तेव्हा हा मैदानावर असायचा. खेळणं हीच त्याची नोकरी होती. मग पुण्याच्या एका सामन्यात डावा खांदा निखळला आणि पुन्हा नीट बसलाच नाही. उरलेली नोकरी त्यानं कोठारात ब्लँकेटं मोजत काढली. तक्रार केली नाही, पण शनिवारी मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला की तो कोठाराचं दार लावून घ्यायचा.

तर गल्ल्यावरचा तो फोटो कलकत्त्याचा होता. संघानं चषक जिंकला, त्या आनंदात सगळ्यांनी बनियन-जर्सी काढून फेकलेल्या, चिखलानं माखलेली उघडी अंगं, मधे सिद्धलिंग चषक डोक्यावर धरून उभा. कपाळापासून टाळूपर्यंत पांढरी पट्टी गुंडाळलेली. निवृत्त होऊन आल्यावर त्यानं तो चौकटीत बसवला आणि मन्मथस्वामींच्या तसबिरीशेजारी हौसेनं लावला. सगळं गाव येऊन पाहून गेलं. गावानं दंड पाहिले, चषक पाहिला, डोक्याची पट्टी पाहून हळहळ केली. शिवम्मानं गळा पाहिला. गळा मोकळा होता.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की जंगमस्वामी येऊन त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधतात. चांदीच्या लांबट डबीत, लांब दोऱ्यानं. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. गळ्यात असो, दंडावर असो, डोक्यावर असो, नाभीच्या वर कुठंही चालतं, पण अंगावर हवं. पलटणीत जाताना आईनं एस्टीच्या खिडकीतून एवढंच सांगितलं होतं, "बाकी काईबी कर, लिंग अंगावेगळं करू नको." आणि इथं पोरगा उघड्या छातीनं हसतोय, छातीवर चिखलाशिवाय काही नाही. शिवम्मा त्या दिवशी जेवली नाही. आता तो रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा करतो ते तिला दिसत होतं, पण एकदा टाकलेलं पुन्हा घालून काय होतं? नव्यानं दीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी स्वामींना सांगावं लागेल, म्हणजे गावाला कळेल, आणि घरात नात प्रणिता लग्नाला आलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवम्मानं मूठ झाकली आणि लेकाच्या हातचं पाणी तेवढं सोडलं. त्या न बोलण्यातही तिनं त्याला सांभाळूनच घेतलं होतं, हे मात्र खरं.

ही मूठ उघडली ती तिच्या डोळ्यांमुळं. अठ्ठ्याण्णव साली तिचा मोतीबिंदू पिकला. बीडला शिबिर होतं. सिद्धाराम म्हणाला, "आई, मला दुकान हाय. आण्णा तुला हाताला धरून घेऊन जाईल."

"त्याचा हात धरून मी कुटंबी जाणार न्हाई," शिवम्मा म्हणाली. आणि सिद्धारामनं फार खोदल्यावर तीन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं.

सिद्धारामनं दुकानात येऊन भावाला सांगितलं. मेजर ऐकून आधी हसला. मग स्टुलावर चढून त्यानं तो फोटो खाली काढला आणि मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "ह्या पट्टीखाली काय हाय, ठावं हाय का तुला?"

तीच तर गंमत होती. गळ्यात दोरा घालून त्या खेळात उतरता येत नाही. कुणाचं बोट अडकलं तर गळफासच. म्हणून सिद्धलिंग सामन्याआधी लिंगाची डबी टाळूवर ठेवायचा आणि वरून पट्टी आवळून घ्यायचा. आवळायचं काम सटवाचं. सटवा पाटोद्याकडचा, ऊसतोड्याचा पोरगा, त्याच संघात पुढच्या रांगेत खेळणारा. तो आधी हात धुऊन यायचा, मगच पट्टीला हात लावायचा. बघणाऱ्याला वाटे, कान वाचवायला बांधलंय. एकदा कलकत्त्यालाच एका पंचानं सामन्याआधी डोकं चाचपलं आणि टणक वस्तू काढून ठेव म्हणून सांगितलं. पंचाचं चुकलं नव्हतं, नियम नियमच. सिद्धलिंगनं पट्टी सोडली, लिंग गळ्यात घातलं आणि जर्सी घडी करून बाकावर बसला. संघ हरला. सुभेदारसाहेब महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

"मग जा की आण्णा, हेच आईला सांग," सिद्धाराम म्हणाला.

मेजर गेला. शिवम्मा पूजा उरकून भिंतीला टेकून बसली होती. त्यानं समोर बसून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी लिंग डोक्याला बांधून तू धडका घेतल्यास?"

"व्हय."

"बैलासारख्या?"

"व्हय."

"मला काय येडी समजलास व्हय रं?" ती म्हणाली. "चुकलो म्हनला असतास तर बरं वाटलं असतं. वरून ह्या कथा कावून रचतोस?"

खरी गोष्ट इतकी विचित्र होती की खोटी तिच्यापुढं बरी वाटावी. सिद्धाराम हिकमती माणूस. त्यानं सटवाचा पत्ता काढला. सटवा पुण्याकडं एका नव्या मोटारींच्या कारखान्यात दारावर पहारेकरी झाला होता. एका दुपारी त्याला फोन लावून सिद्धारामनं आईला काचेच्या खोलीत बसवलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. पलीकडून सटवा ओरडत होता, "आई, म्याच बांधायचो पट्टी! द्येवाशपथ! हात धुऊन बांधायचो!" शिवम्मानं रिसीव्हर दोन बोटांनी धरून सिद्धारामच्या हातात दिला. "तारंतून कुणीबी काईबी बोलतंय," म्हणाली. "आन् त्याचा दोस्त त्याच्यासारखंच बोलणार."

मेजर बाहेर उभाच होता. सवयीनं. त्या दिवसापासून त्यानं नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? तो तांब्या आणायचा, खाली ठेवायचा आणि निघून जायचा. पण जाताना दारात क्षणभर थांबायचा, ते मंगलला दिसायचं.

दिवाळी आली. पहिल्या आंघोळीची पहाट. अंगणात चूल पेटलेली, हंड्यातून वाफ येत होती. शिवम्माची आंघोळ-पूजा सगळ्यांच्या आधी उरकलेली. ती ओसरीवर तेलाची वाटी घेऊन बसली, समोर पाट, पाटाभोवती प्रणितानं काढलेली रांगोळी. बीडचं शिबिर तसंच हुकलं होतं, पणतीच्या उजेडात शिवम्माला आता माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची. सिद्धारामनं भावाला दंडाला धरून ओढलं.

"आण्णा, माज्या पाटावर तू बस. एक शब्द बोलू नको."

"कळंल तिला."

"कळू दे. तेल तर लागंल!"

मेजर एवढा थोरला माणूस, पण चोरासारखा येऊन पाटावर बसला. मंगलनं पदर तोंडाला लावला. शिवम्मानं ओंजळीत तेल घेतलं, दोन्ही हात पुढं केले आणि डोक्यावर थापलं. कपाळावरून तेल ओघळलं. ती बोलत होती, "सिद्धाराम, केस लई कमी झाले रं तुजे," आणि बोलता बोलता बोटं बाजूनं कानाशी आली.

ती थांबली. असे कान साऱ्या तालुक्यात एकाच माणसाला होते.

मेजरनं डोळे मिटून घेतले. आता हात निघणार, हे त्याला ठाऊक होतं. पण सणाच्या दिवशी डोक्यावरचा तेलाचा हात अर्ध्यात सोडू नये, असं शिवम्माच्या सासूनं तिला शिकवलं होतं. तिनं मुकाट्यानं पुन्हा तेल घेतलं आणि बोटं मागून वर टाळूवर चढवली. लवकर उरकून टाकावं, अशा बेतानं.

आणि टाळूवर बोट खाली गेलं.

तिथं खळगा होता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, बोटाच्या पेराहून थोडा मोठा. कडेला टाक्यांच्या गाठी. त्यावर केस उगवलेले नव्हते. न्हाव्याला तो माहीत होता, पण न्हाव्याला शंभर डोक्यांचे खळगे माहीत असतात. मेजरला स्वतःची टाळू कधी दिसली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला त्यानं तिथं हात लावू दिला नव्हता.

"हे कशाचं?" शिवम्मानं विचारलं.

"टाके पडलेते."

"कशानं?"

"तुला सांगितलं व्हतं, आई."

शिवम्माचं बोट त्या खळग्यात पुन्हा पुन्हा फिरत राहिलं, टोकापासून टोकापर्यंत. मग तिनं दुसरा हात त्याच्या खांद्यावरून पुढं नेला, छातीवरची चांदीची डबी चाचपून धरली आणि गळ्यातला दोरा गळ्यातच ठेवून ती हळूच वर आणली. कपाळावरून, तेलकट केसांवरून, टाळूवर. डबी त्या खळग्यात नेमकी बसली. हलेना की डुलेना.

अंगणात हंड्यातलं पाणी उकळायला लागलं.

"दुखलं न्हाई का रं?" शिवम्मानं विचारलं.

"लई दुखायचं."

"मग काढून कावून न्हाई ठेवलंस?"

"तू म्हनली व्हतीस ना," मेजर म्हणाला, "अंगावेगळं करू नको म्हून."

शिवम्मा रडली. उघड, लहान पोरीसारखी, तेलाचे हात त्याच्या डोक्यावर तसेच ठेवून. तिच्या डोळ्यांतलं पाणी आणि तेल एकत्रच त्याच्या मानेवरून उतरत होतं. तोही रडत होता, पण त्याला पुसायला एकच हात वर जायचा.

मग तिनं डबी पुन्हा त्याच्या छातीवर सोडली, नाक ओढलं आणि म्हणाली, "घसा कोरडा पडला. पानी आना."

मंगल तांब्या घेऊन उठली.

"तू बस गं. त्याला आनू दे."

मेजर पाटावरून उठला. मानेवरून तेल ओघळत होतं, पायाखाली रांगोळी फिसकटली. त्यानं माठातून तांब्या भरला, आईसमोर आला आणि तीन वर्षांच्या सवयीनं वाकून तो जमिनीवर ठेवायला लागला.

"खाली कावून ठेवतोस?" शिवम्मानं हात पुढं केला. "दे हिकडं."

त्यानं दिला. ती तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली, निम्मं पाणी पातळावर सांडलं तरी थांबली नाही. तांब्या रिकामा करून तिनं त्याच्याच हातात परत दिला आणि पाट चाचपून सरळ केला.

"बस आता," ती म्हणाली. "डाव्या खांद्याला तेल ऱ्हायलंय."